हात लावलेले प्यादे

बुद्धिबळाच्या स्पर्धेत एक साधा नियम असतो. ज्या मोहऱ्याला हात लावाल, तेच मोहरे हलवायचे. मोहरे घरात वाकडे बसले असेल आणि नुसते सरळ करायचे असेल, तर आधी तसे तोंडाने सांगावे लागते. न सांगता ते चालीसाठी धरले, की ती चाल आपल्यावर बंधनकारक होते. हा नियम वाचताना आपणांस किरकोळ वाटेल. मलाही वाटत असे. एका रविवारी सांगलीतील एका शाळेच्या सभागृहात त्याची किंमत मला कळली. ती हकिकत आपणांस सांगावयाची आहे.

मी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. बुद्धिबळ मी वडिलांकडून शिकलो, तेही देशी पद्धतीचे. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकते. किल्लेकोट नसतो, त्याऐवजी, शह बसलेला नसेल तर, राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. आंतरराष्ट्रीय नियम मी पस्तिशीनंतर, रात्रपाळीत गाड्यांची वाट पाहत, एका पुस्तकावरून शिकलो. उशिरा शिकणाऱ्याच्या मनात जो संकोच असतो, तो आपणांस निराळा सांगायला नको. त्या दिवसांत मला मीर सुलतान खान यांचा आधार वाटे. पंजाबातला हा खेळाडू देशी नियमांवर वाढला, १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपदाचा मानकरी ठरला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही ते पद त्याने मिळवले. माझी त्याच्याशी तुलना नाही. पण दुसऱ्या नियमांवर घडलेला हात नवे नियमही आत्मसात करू शकतो, एवढे त्याच्या उदाहरणाने पटले.

त्या रविवारी शेवटची फेरी होती. जिंकलो असतो तर प्रौढ गटाचा चषक मला मिळणार होता. नऊ वर्षे मी अशा स्पर्धा खेळत होतो आणि घरी प्रमाणपत्राखेरीज काही आणले नव्हते. सकाळी निघताना मुलीने सहज विचारले होते, "बाबा, तुम्ही कधी जिंकता का हो?" तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता, म्हणूनच तो दिवसभर माझ्याबरोबर राहिला.

समोर एक निवृत्त शिक्षक होते, सत्तरीच्या घरातले. प्रत्येकाला साठ मिनिटे होती. पांढरी मोहरी माझी. विसाव्या चालीपर्यंत त्यांचे दोन्ही उंट माझ्या किल्लेकोटावर नेम धरून बसले होते. माझे तळहात घामेजले. मोक्याच्या घरी बसवलेला, जिवापाड जपलेला माझा घोडा मी एका उंटाच्या बदल्यात दिला, तेव्हा कुठे हल्ला सैल झाला. पुढे वजिरांची अदलाबदल झाली. मग हत्तींची लांबलचक झुंज. पंचेचाळिसाव्या चालीच्या आसपास त्यांच्या कडेच्या प्याद्याचे रक्षण सुटले आणि ते मी टिपले. शेवटचे हत्तीही पटावरून गेले. उरले दोन राजे आणि माझे एक प्यादे.

अशा शेवटात सारा खेळ राजांच्या चालींवर ठरतो. दोन राजे एकाच पट्टीत समोरासमोर आले आणि मध्ये एकच घर मोकळे राहिले, की ज्याच्यावर चालण्याची पाळी येते त्याला बाजू द्यावी लागते. त्या वेळी माझे प्यादे चौथ्या ओळीत होते. माझा राजा त्याच्या एक ओळ पुढे, पण शेजारच्या पट्टीत होता. काळा राजा प्याद्याच्याच पट्टीत, सातव्या ओळीत उभा होता. चाल माझी होती आणि घड्याळात चार मिनिटे उरली होती. सर पाणी प्यायला उठून गेले.

प्यादे पुढे न्यायचे, या विचाराने मी हात पुढे केला. प्याद्याचा माथा चिमटीत धरला आणि त्याच क्षणी खरी चाल दिसली. राजा एक घर बाजूला, प्याद्याच्या पुढे आणायचा. मग राजासमोर राजा, आणि चालण्याची पाळी त्यांची. त्यांना बाजू द्यावीच लागली असती आणि डाव माझा होता.

मी हात मागे घेतला. प्यादे आपल्या घरातून हललेही नव्हते. शेजारच्या पटावरचे दोघे आपल्या डावात बुडालेले होते. पंच सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होते. सरांची पाठ मला दिसत होती. मनाने ताबडतोब वकिली सुरू केली: हलवले तर नाही, नुसता स्पर्श झाला; पाहिले तर कोणीच नाही; विजय तर न्यायाने माझाच आहे. आपणांस खरे सांगतो, त्या वकिलाचा एकही मुद्दा मला त्या क्षणी खोडता आला नाही. घड्याळ एक मिनिट पुढे गेले. मग मी प्यादे उचलले आणि एक घर पुढे ठेवले.

सर परतले, पटाकडे क्षणभर पाहिले आणि त्यांनी आपला राजा माझ्या राजासमोर आणून उभा केला. राजासमोर राजा झालाच. पण चालण्याची पाळी आता माझी होती. मी प्यादे पुढे रेटून शह दिला. त्यांचा राजा प्याद्यापुढे आला, आणि मी जवळ सरकताच सरळ मागे, शेवटच्या ओळीत गेला. सरळ मागे जाणे हीच तिथली एकमेव वाचवणारी चाल. त्यांना ती ठाऊक होती. आणखी थोड्या चालींनंतर त्यांच्या राजाला शह नव्हता आणि हलायला घरही नव्हते. कोंडी झाली, डाव बरोबरीत सुटला. चषक दुसऱ्याला गेला.

बाहेर चहा घेताना सर म्हणाले, "अहो, राजा बाजूला घेतला असता तर मी हरलो होतो. तुम्हाला दिसले नाही का?"

"दिसले, सर. पण हात आधी प्याद्याला लागला होता."

त्यांनी कप खाली ठेवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या वेळी हात मांडीखाली दाबून बसा. मी चाळीस वर्षे तेच करतो."

घरी मुलीला मी बरोबरी झाल्याचे सांगितले. कारण सांगितले नाही. सांगितले असते तर ती बढाई वाटली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही. समाधानाने मन भरून आले असे लिहिणे शोभले असते, पण ते खरे नाही. मला हळहळ वाटत होती, आणि अजूनही वाटते.

मित्रहो, आपणही बहुधा असेच, दिवसभराचे काम उरकून, एकट्याने अभ्यासाला बसत असाल. स्वाध्यायाचा प्रश्न समोर असतो आणि उत्तर काही पानांवर छापलेले असते. ते आधी पाहिले की नाही, हे विचारणारे खोलीत कोणी नसते. अशा वेळी आपलाही वकील बोलू लागेल. त्याचे मुद्दे खोडता आले नाहीत, तरी घाबरू नका. ते मलाही खोडता आले नव्हते.

अधूनमधून रात्रपाळीत मी तोच शेवट पटावर मांडतो. राजा बाजूला घेतो, आणि डाव जिंकतो.