हजेरीचा एक रुपया

सीतादही झाली की वर्गातल्या मुली कमी होऊ लागतात. पहिल्या वेचणीआधी पऱ्हाटीची पूजा करून वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, ही विदर्भातली जुनी रीत. यवतमाळ जिल्ह्यात ज्यांनी मास्तरकी केली त्यांना हे वेळापत्रक पाठ असतं, मलाही झालं. आधी आठवी-नववीतल्या थोरल्या मुली जातात, कारण त्यांचा हात बोंडावर चालतो. मग धाकट्या भावंडांना सांभाळायला पाचवी-सहावीतल्या घरी थांबतात. दिवाळीची सुटी संपली तरी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे फुल्याच.

आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही, असं बाहेरून येणारे पाहुणे सांगून जातात. त्यांनी एकदा हिशेब करून पाहावा. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, अलीकडे किलोमागे दहा रुपयांच्या आसपास. माय एकटी वेचते तेवढ्यावर आठवडी बाजार होतो. लेक सोबत असली तर किराणा दुकानातली उधारीही थोडी फिटते. आता दुसरी बाजू. दुर्बल घटकातल्या मुलींची गळती थांबावी म्हणून राज्य सरकारने 1992 साली पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. दिवसाला एक रुपया. त्यानंतर तीस वर्षं उलटली, तेव्हाच्या मुलींच्या मुली पहिलीत आल्या, तरी तो रुपया काही वाढला नाही. मुलगी दिवसभर शाळेत बसली तर रुपया, तोही चौथीपर्यंतच, आणि वावरात गेली तर किलोला दहा. यात अडाणीपणा नक्की कुणाचा?

ज्या घरात बाप उरलेला नाही तिथे हा हिशेब आणखी कठीण होतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर कुटुंबाला एक लाखाची मदत देण्याचा शासन निर्णय जानेवारी 2006 मधला. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं, त्यासाठी जमीन आणि कर्जाचे कागद जुळावे लागतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी सातबारा आजोबांच्या नावावर होता आणि कर्ज सावकाराचं, म्हणजे कागदावर नव्हतंच. प्रकरण ‘अपात्र’ झालं. आई मजुरीला लागली. मुलीला मात्र गावात आलेल्या पाहुण्यांकडून दप्तरं मिळाली, एक नाही तर तीन.

दप्तरांसारखीच शिलाई मशिनं. एका लहानशा गावात तीन-चार विधवांना एकाच कार्यक्रमात मशिनं वाटली गेली, हारतुरे झाले, फोटो निघाले. गावभरचे कपडे शिवायला एक मशीन पुरत होतं. बाकीच्यांनी शिवायचं कुणाचं?

मदत मोठी असली तरी ती कुठे पोचते, हे नशिबावर. मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवा कलावती बांदूरकर यांचं नाव राहुल गांधींनी जुलै 2008 मध्ये अणुकराराच्या चर्चेत थेट लोकसभेत घेतलं आणि ते देशभर झालं. सुलभ इंटरनॅशनलने त्यांना लाखो रुपयांचं साहाय्य दिलं. चांगलंच झालं. पण लोकसभेत नाव निघालं नाही अशा कलावती जिल्ह्यात गावोगाव होत्या.

वैशाली येडे यांची गोष्ट मला त्यामुळेच जास्त बोलकी वाटते. राजूरच्या वैशालीताईंचे पती शेतकरी होते. त्यांनी 2011 मध्ये आत्महत्या केली. पदरात दोन मुलं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम धरलं, जोडीला शिवणकाम. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92 व्या साहित्य संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि तो मान वैशालीताईंकडे आला. अडीनडीला दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते, असं त्या तिथे बोलल्या, तेव्हा ते वाक्य जिल्हाभर फिरलं. भाषण, मग त्याच वर्षीची लोकसभेची हरलेली निवडणूक, हे सगळं लोकांच्या लक्षात राहिलं. मला मात्र त्यांची अंगणवाडीतली नोकरी महत्त्वाची वाटते. मानधन तुटपुंजं, पण दर महिन्याचं, आणि गावातल्या गावात. आईला असं एक ठरलेलं काम मिळालं की मुलीची नोव्हेंबरमधली हजेरी सुधारते, हे मी वर्गात उभं राहून पाहिलंय.

दुसरी गोष्ट एसटीची. मानव विकास योजनेतल्या निळ्या बसगाड्या आल्या तेव्हा दूरच्या तांड्यांवरच्या आणि कोलाम पोडांवरच्या मुली पहिल्यांदा हायस्कुलात नियमित दिसू लागल्या. करोनाचा खंड पडला. 4 ऑक्टोबर 2021 ला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले आणि महिना पुरा होत नाही तोच एसटीचा संप सुरू झाला, तो लांबला एप्रिलपर्यंत. नेमका वेचणीचा हंगाम. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खोट्या नव्हत्या, पण गाडी नाही म्हणजे मुलगी वावरात. काही जणी गाड्या सुरू झाल्यावरही परतल्या नाहीत. एकीच्या लग्नाची पत्रिकाच शाळेत आली.

त्या अपात्र ठरलेल्या घरातली आई तेव्हा शाळेत आली होती. ‘‘सर, पोरीले मी शाळेत धाडतो, पन संध्याकाळी तिले आनाले कोन जाईन?’’ बापाविना वाढणाऱ्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, आता तिच्यात महिन्याला सव्वादोन हजार मिळतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दाखले, पासबुक, मृत्यूचा दाखला अशी फाईल आम्ही जमवली. फेऱ्या तिने मारल्या, प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडवून. पैसे सुरू झाले. मग तिनेच गावातल्या बायकांच्या सह्या-अंगठे घेऊन संध्याकाळची गाडी अर्ध्या तासाने उशिरा सोडण्याचा अर्ज आगारात दिला, म्हणजे दहावीचा जादा तास मुलींना पुरा करता येईल. गाडीची वेळ बदलली. पुढच्या जूनमध्ये नवं वेळापत्रक आलं तेव्हा गाडीची वेळ पुन्हा जुन्यावर गेली होती. त्या दिवशी तिने शाळेत येऊन फक्त झेरॉक्सचं दुकान किती वाजता उघडतं तेवढं विचारलं.