बाठा मोजत नाहीत

वाक्य सहा शब्दांचं होतं. ‘फळे आणि भाज्या मोजण्याची गरज नाही.’ मूळ इंग्रजी, मराठी माझं. वजन कमी करू पाहणाऱ्यांसाठी एका आरोग्यसंस्थेने काढलेल्या चार पानी पत्रकातलं, दुसऱ्या पानावरचं. शब्दाला दीड रुपया हा दर, म्हणजे त्या वाक्याचे मला नऊ रुपये मिळाले. कादंबरीतल्या एका विशेषणापायी दोन दिवस घालवणारी मी, या वाक्यापाशी दोन मिनिटंही थांबले नाही. तौलनिक साहित्यात एम.ए. करत होते तेव्हा भाषांतर म्हणजे कविता असाच माझा समज होता. पुढे कळलं, कवितेच्या भाषांतरावर घर चालत नाही. ते औषधांची माहितीपत्रकं, विम्याचे अर्ज आणि असली डाएटची पत्रकं यांच्यावर चालतं.

पत्रक आलं त्याच महिन्यात मी स्वतःही डाएट सुरू केलं होतं. वय ४६, वजन ७८ किलो. दिवसाला १,४०० कॅलरींची मर्यादा आखून मिळाली होती आणि फोनवर एक ॲप होतं. पोळी, भात, चहातली साखर, जे तोंडात जाईल ते त्यात भरायचं. पहिल्या आठवड्यात मी काकडीच्या चकत्याही मोजून भरल्या. जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन. अशात हे वाक्य समोर आलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. भाषांतर करता करताच ठरवलं, की उद्यापासून काकडी भरायची नाही.

आम्ही बडोद्याचे मराठी. घर दांडिया बाजारात, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती. आई मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेली. ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, तेव्हा ती ७४ वर्षांची होती आणि तिच्या मधुमेहाला १५ वर्षं झाली होती. माझ्या प्रत्येक भाषांतराची पहिली वाचक तीच असते. हे पत्रकही तिने लाल पेन घेऊन वाचलं. ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका काढल्या. दुसऱ्या पानावर थांबली, चष्मा वर केला आणि म्हणाली, “हे बरं आहे गं. याची एक प्रत मला दे.” पत्रक वजनासाठी होतं, मधुमेहासाठी नव्हतं. हे मला कळायला हवं होतं. मी प्रिंट काढून दिली. तिने ती फ्रिजवर चुंबकाखाली लावली.

मग एप्रिल आला. खंडेराव मार्केटमधून वलसाडचा हापूस आला, पाठोपाठ केसर. आई सकाळी पपईची वाटी घ्यायची, अकराच्या सुमाराला केळं, जेवणानंतर आंबा. पोळ्या मात्र दोनाची एक केली होती, कारण पोळी मोजायची असते. भूक भाजीवर भागवायची. एक दिवस बटाट्याच्या काचऱ्या, एक दिवस सुरण, एक दिवस दाण्याचं कूट घालून दुधी. सोमवारी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी. मी एकदा विचारलं, “आई, साबुदाणा कशात धरलास?” ती म्हणाली, “उपासाचा फराळ आहे तो. फराळ म्हणजे काय? फलाहार.” ही व्युत्पत्ती तिनेच मला शाळेत असताना शिकवली होती. मी हसले आणि माझ्या वाटीत खिचडी वाढून घेतली. तीसुद्धा ॲपमध्ये भरली नाही.

जुलैत आईची रक्ततपासणी झाली. एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोनतीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. आदल्या वेळी आकडा ७.२ होता, आता ८.९. डॉक्टरांनी विचारलं, “काकू, खाण्यात काही बदल केलात का?” आईने पर्स उघडली. पत्रकाची घडी उलगडून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “नियमाने खातेय. हे बघा ना. माझ्या मुलीने भाषांतर केलंय.”

त्या आवाजातला अभिमान मला अजून ऐकू येतो. डॉक्टरांनी कागद वाचला. मला काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून आईला रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं, जे तिने इतकी वर्षं टाळलं होतं. बाहेर आल्यावर मी त्यांना एकटीने गाठलं. ते म्हणाले, १५ वर्षांचा मधुमेह आहे, आज ना उद्या लागलंच असतं. असेलही. पण त्यातला माझा वाटा किती, हे कोणत्या तक्त्यात शोधायचं?

मी खरोखरच तक्ते उघडून बसले. आपल्याकडच्या पदार्थांची पोषणमूल्यं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने छापली आहेत. गोपालन आणि सहकाऱ्यांचं जुनं पुस्तक १९७१चं, नवे तक्ते २०१७चे. नव्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, म्हणजे कॅलरी हवी तर ४.१८४ने भागायचं. इथेही भाषांतर आलंच.

आकडे वाचले तेव्हा पत्रकातलं वाक्य कुठून आलं ते कळलं. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि १०० ग्रॅममध्ये जेमतेम १५ कॅलरी. दीडशे कॅलरी व्हायला एक किलो काकडी खावी लागेल. तेवढी कोणी खात नाही, त्याआधीच पोट भरतं, जबडा दुखतो. पालक, टोमॅटो, कोबी, दुधी यांचंही तसंच. ते मोजण्याचे श्रम फार आणि हाती लागतं थोडं. शिवाय मोजायला लावलं तर माणूस तेच सोडतो आणि तेवढ्याच कॅलरींचं बिस्किट खातो. वेट वॉचर्स या अमेरिकी कंपनीने २०१०मध्ये बहुतेक फळांना शून्य गुण दिले, त्यामागेही हेच गणित होतं. सफरचंद आणि चिप्सची पुडी यांत निवड करायची झाली तर हात सफरचंदाकडे जावा. तेव्हा वाक्य चूक नव्हतं. ज्याच्या ताटात भाजी म्हणजे उकडलेला फरसबी आणि फळ म्हणजे एक सफरचंद, त्याच्यासाठी ते बरोबरच होतं.

चूक झाली ती ‘भाज्या’ या शब्दात. मराठीत पिशवीतून येते ती भाजी आणि कढईतून उतरते तीही भाजी. पाव किलो दुधीत ४०च्या आसपास कॅलरी. फोडणीच्या दोन चमचे तेलाच्या ९०, चार चमचे दाण्याच्या कुटाच्या शंभरावर. मी ‘भाज्या मोजू नका’ म्हटलं तेव्हा तेल आणि कूटही माफ करून टाकलं. गुजराती ‘शाक’ आणि हिंदी ‘सब्ज़ी’ यांचीही हीच गत. सब्ज़ीत तर फारसीतला हिरवा रंग आहे, तरी बटाटा तिच्यात खुशाल बसतो. कन्नडमध्ये लिहिणाऱ्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, आमच्याकडे बाजारात ‘तरकारी’ असते, ताटात ‘पल्या’ असतो. तिने हे पत्रक केलं असतं तर तिला दोनांतला एक शब्द निवडावा लागला असता, आणि निवडताना ती थांबली असती. मला माझ्या भाषेने थांबवलं नाही.

बटाट्याचंही असंच. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, तेव्हा बटाटा आणि रताळं त्यांत धरत नाही. मूळ पत्रकातही बटाटा तिसऱ्या पानावर भात-पोळीच्या यादीत होता आणि ती यादीही मीच मराठीत आणली होती. पण दुसऱ्या पानावर मोकळीक मिळालेला माणूस तिसऱ्या पानावरची यादी ताडून बघत नाही. आईच्या लेखी ती बटाट्याची भाजी, आणि नावातच भाजी.

फळाचा शब्द तर आणखी निसरडा. तमिळमध्ये कच्चं ते ‘काय्’, पिकलं ते ‘पळम्’. ‘मांगाय्’ आणि ‘माम्पळम्’ ही एकाच झाडाची दोन नावं, आणि त्या दोहोंच्या मधे साखर वाढलेली असते. आपल्याकडे कैरी आणि आंबा हे जोडनाव तेवढं तसं आहे. उलट ‘फलाहार’ हा शब्द प्रांतोप्रांती फिरत फिरत फळापासून पार सुटला. बडोद्यात दुकानात ‘फराळी चेवडा’ मिळतो तो बटाट्याचा, तळलेला. बंगालीत ‘फलार’ म्हणजे दही, पोहे, आणि वर मिठाई. मराठीत फराळ म्हटलं की दिवाळीची चकली-करंजी. आणि साबुदाणा येतो टॅपिओकाच्या कंदापासून, जवळजवळ शुद्ध पिष्ट, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी. आईची व्युत्पत्ती अचूक होती. साखर व्युत्पत्तीला दाद देत नाही, इतकंच.

मी त्या सहा शब्दांच्या जागी नवा मजकूर लिहिला. काकडी, टोमॅटो, पालेभाज्या, दुधी, कोबी मोजू नका. त्यांत पडणारं तेल, खोबरं, कूट मोजा. बटाटा, रताळं, सुरण पोळीच्या खात्यात धरा. फळ अख्खं खा, रस काढू नका. केळं, चिकू, आंबा मोजा. साबुदाणा हे फळ नव्हे. मधुमेह असेल तर हे पत्रक डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नका. सहाचे चाळीसहून अधिक शब्द झाले. पाठवलं, तर संस्थेकडून उत्तर आलं की मुळात एवढा मजकूर नाही आणि छपाई होऊन गेली आहे. वाढीव शब्दांचे पैसे मी मागितले नव्हते. मग फ्रिजवरच्या कागदावर मीच हाताने लिहिलं. ती छापील पत्रकं कोणाकोणाच्या फ्रिजवर लागली असतील, हा विचार अधूनमधून येतो.

माझ्यापुरतं उत्तर आता ठरलं आहे. मी काकडी मोजत नाही, कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट मोजते. सफरचंद मोजत नाही, आंबा मोजते. ॲपमध्ये ‘मिक्स व्हेज, एक वाटी’ असं लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवत नाही, कारण ती वाटी कोणाच्या घरची हे त्याला माहीत नसतं. तेलाची बाटली महिन्याला किती उतरली ते बघते. वजन ७३वर आलं आहे, सावकाश.

आईने मात्र माझा हस्तलिखित मजकूर तसाच स्वीकारला नाही. आंब्यापुढे मी ‘टाळा’ लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो शब्द लाल पेनने खोडून वर लिहिलं होतं, ‘बेताने’. हा शब्द इंग्रजीत कसा न्यावा, याचा विचार मी पुष्कळ केला. बेत म्हणजे जेवणात काय काय करायचं ते ठरवणं, आणि बेताने म्हणजे हात राखून. दोन्ही एकाच शब्दात, आणि त्यात आकडा नाही. मी डॉक्टरांना विचारून आकडा मिळवला. अर्धा आंबा, आणि त्या जेवणात पोळी अर्धी कमी. आईने मान हलवली, पण फ्रिजवरचा शब्द बदलला नाही.

यंदाच्या मेमध्ये एचबीए१सी ७.६ आला. इन्सुलिन चालू आहे. दुपारी जेवण झाल्यावर आई आंबा चिरते, दोन्ही बाजूंच्या फोडी काढते, एक स्वतःच्या ताटलीत आणि एक माझ्या. मग बाठा उचलते आणि खिडकीपाशी बसून सावकाश चोखत राहते.

“आई, अर्धा ठरला होता.”

“अर्धाच खाल्लाय,” ती म्हणते. “बाठा मोजत नाहीत.”

मी फोन उचलते, बाठ्यावर गर किती असेल याचा अंदाज करते, आणि फोन खाली ठेवते.