ओढ्याकडची वाट

२००३ च्या जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, बांधाच्या भांडणात माझ्या थोरल्या भावाच्या हातून आमच्याच भावकीतला एक तरणा माणूस गेला. दादाला जन्मठेप झाली. वकिलाच्या फीपायी एक एकर विकला. त्याची सुटका बघायला आई राहिली नाही. या सगळ्यावर मला फार बोलवत नाही.

अकरा वर्षं कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये काढल्यावर, वर्तणूक चांगली म्हणून त्याला आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला पाठवलं. औंध संस्थानात १९३९ साली वसवलेली ही बंद्यांची खुली वसाहत. मॉरिस फ्रीडमन या मूळच्या पोलंडच्या अभियंत्याला ती सुचली आणि औंधच्या राजांनी ती उचलून धरली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’मागं हाच प्रयोग होता. बंदी तिथं बायकापोरांसह राहतात, शेती करतात. वहिनी धाकट्या पोरीला घेऊन तिकडं गेली. मी भेटायला जाई तेव्हा दादा शेजारच्या बंद्याशी बियाण्यावरून हुज्जत घालताना दिसे, मोठ्यानं हसे. कळंब्यात मुलाखतीला जाळीपलीकडं मान खाली घालून बसणारा माणूस हाच, हे खरं वाटत नसे.

२०१८ च्या उन्हाळ्यात तो सुटला आणि कृष्णाकाठच्या आमच्या गावात येऊन घरात बसला. आटपाडीच्या माळावर मोकळा फिरणारा माणूस स्वतःच्या गावात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. रात्री दिवा मालवू द्यायचा नाही. कळंब्यात बरॅकीतला दिवा रात्रभर जळायचा, त्याची सवय. दारावर कुणी हाक मारली की उठून उभा राहायचा.

पहिले पंधरा दिवस माणसं आली. चहा प्यायली, ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणाली. मला त्या बोलण्याचा राग यायचा. दोन गल्ल्या पलीकडं काकीच्या घरात काहीही गंगेला मिळालेलं नव्हतं. काकी म्हणजे गेलेल्याची आई, आमची चुलत चुलती.

तिच्याकडं जाण्याचं धाडस गावात एकट्या मास्तरांनी केलं. दोघा भावांना त्यांनीच शिकवलेलं. यापूर्वी काही दिवस घरी येण्यासाठी दादानं केलेल्या संचित रजेच्या अर्जावर पोलीस गावात चौकशीला आले होते, हा आला तर भांडण होईल का म्हणून. तेव्हा गावानं नको म्हटलं होतं आणि अर्ज फेटाळला गेला होता. हे मास्तरांच्या मनात होतं. सुटकेच्या आधीच ते काकीच्या ओट्यावर जाऊन बसले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्या दारावरनं जायचं न्हाई त्यानं. डोळ्यापुढं नको. बाकी गावानं काय ते बघावं.”

मास्तरांनी ते शब्द जसेच्या तसे दादाला सांगितले. आमच्या घरून स्टँडकडं जाणारा रस्ता काकीच्या दारावरून जातो. तेव्हापासून दादा ओढ्याकडनं वळसा घालतो. सुटून आलेल्या माणसाला आधार द्यायचा तर आधी ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या उंबऱ्याशी जायला हवं, असं मी मानतो. गावानं दादाला आधी जवळ घेतलं असतं, तर काकी गावात एकटी पडली असती.

कामाचं मात्र जमेना. दादा जेलच्या कारखान्यात सुतारकाम शिकला होता. पण जवळच्या एका कारखान्यात गेला, तर गेटवरच चारित्र्याचा दाखला मागितला. रेशन कार्डावरचं नाव कमी झालेलं, मतदार यादीतलंही. जेलमध्ये असेपर्यंत मत देता येत नाही, १९५१ चा कायदाच तसा आहे. कागद गोळा करत मी तालुक्याला किती खेपा घातल्या असतील!

मग मास्तरांनी दादाकडून दुरुस्त करून घ्यायला शाळेची मोडकी बाकं काढली. दोन पालकांनी हरकत घेतली, आणि ती मला अजूनही चुकीची वाटत नाही. पोरं त्यांची होती. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका बाई म्हणाल्या, “तो काम करंल तवर मी बसते की तिथं.” चार दिवस त्या व्हरांड्यात शेंगा फोडत बसल्या. दादानं सगळी बाकं नीट केली. पाचव्या दिवशी हरकत घेणाऱ्यांपैकी एकजण खाट घेऊन आमच्या अंगणात उभा राहिला. तिचा पाय खिळखिळा झाला होता.

त्याच वर्षी गणपतीच्या आधी मंडळाची पोरं वर्गणीला आली. पंधरा वर्षं ती आमचं घर सोडून पुढं जायची. आम्ही द्यायला तयार असूनही कुणी मागितलं नव्हतं. त्या दिवशी पावतीबुक उघडून एकानं सरळ दादाकडं बघितलं. “किती लिहू?” दादानं माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. “एकशे एक,” तो म्हणाला. पोरानं पावतीवर त्याचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. वहिनीनं ती पावती कपाटात सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. पाणी उतरल्यावर गावातली दारं-चौकटी फुगून बसली होती. दादा महिनाभर घरोघर रंधा घेऊन हिंडला. कुणी पैसे दिले, कुणी ज्वारी, कुणी नुसतं जेवायला बसवलं. काकीच्याही घरात पाणी होतं. तिचं दार कुणी आमच्याकडं आणलं नाही. दादानंही विचारलं नाही. शेजारच्या गावच्या सुताराला बोलावून तिनं ते करून घेतलं.

दादा आजही स्टँडला ओढ्याकडनंच जातो. पावसाळ्यात तिथं घोट्याच्या वर चिखल असतो. परत यायच्या वेळेला वहिनी दाराशी पाण्याची बादली भरून ठेवते. तो पाय धुतो आणि आत येतो.