आधी सांधा बघा

शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात आषाढाची झड लागली की ओल घरातल्या यंत्रांतही शिरते. आज टेबलावर जुन्या तारयंत्राचा साउंडर, म्हणजे संकेत टकटक वाजवणारा भाग. देशातली तारसेवा २०१३च्या जुलैत थांबली, तरी हा दुरुस्त करायचा होता. मल्टिमीटर लावला, काटा हललाच नाही. कॉइलची तार तुटलेली. तरी लगेच सगळं वाइंडिंग सोलणं मला पटत नाही. केसासारखी तार बहुधा डाखाच्या सांध्यापाशीच तुटते. उरलेल्या फ्लक्सवर ओल धरते, तांबं हिरवं पडतं. भिंगाखाली तेच दिसलं! टोक हलकेच खरवडलं, नवा डाख दिला, वर वार्निश. आर्मेचर खणखणीत वाजलं. आतले वेढे शॉर्ट असते, तर मात्र त्याच गेजच्या तारेनं कॉइल नव्यानं भरावी लागली असती. असं यंत्र भंगारात घालण्याआधी एकदा सांधा तपासाच.