सागवानातला सुरू

पुण्यात बाजीराव रस्त्यावरची गर्दी विश्रामबागवाड्यासमोर क्षणभरही थांबू देत नाही. तरी समोरच्या फुटपाथवर उभं राहावं आणि मेघडंबरीचे खांब सावकाश बघावेत. तळाशी पाकळ्यांचं वेटोळं, त्यातून फुगून वर आलेलं अंग, आणि मग सुरूसारखं निमुळतं होत महिरपीला जाऊन भिडणारं टोक. सकाळचं तिरपं ऊन पडलं की पाकळीन् पाकळी सुटी दिसते.

हा घाट इथला नव्हे. शाहजहानच्या काळात तो संगमरवरात बहरला. दिल्लीच्या लाल किल्ल्यात, दिवाण-ए-आममधल्या बादशहाच्या आसनाला असेच खांब आहेत. कला-इतिहासकार एबा कॉख तर त्याचं मूळ युरोपातल्या छापील चित्रांत शोधतात. तोच घाट पेशवाईतल्या सुतारांनी सागवानात उतरवला. वर तुळया, त्यांना पेलणारे हस्त, आणि परसातल्या केळीवरून उचललेलं केळफूल.

याला कुणी उसनी श्रीमंती म्हणालं की मला वाईट वाटतं. दगडाला वजन पेलायला जाडी लागते; लाकडाचा रेशा उभा धावतो, म्हणून इथला खांब अधिक सडसडीत, अधिक जिवंत झाला. परका घाट आपल्या लाकडाच्या स्वभावाप्रमाणे वळवणाऱ्या हाताला मी कलावंताचाच हात म्हणेन.

दुसऱ्या बाजीरावाने विलासासाठी बांधलेल्या या वाड्यात 1821 मध्ये इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा भरवली. 1879 च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तेव्हा तो पुन्हा उभारायला पुणेकरांनी वर्गणी दिली. पेशव्यांचं राज्य जाऊन साठ वर्षं झाली होती. तरीही लोकांना हे लाकूड आपलं वाटलं, ही गोष्ट मला बाजीरावाच्या वैभवापेक्षा मोठी वाटते. आत चौकात शिरलं की रस्त्याचा कल्ला मागे पडतो, आवाज आपोआप खाली येतो.

पेठांतले साधे वाडे मात्र पडताहेत. त्यांचे खांब जुनं सागवान म्हणून घनफुटावर विकले जातात आणि रंधा मारून त्यांच्या चौकटी होतात. तुमचा वाडा उतरवायचाच असेल तर खुशाल उतरवा. पण त्याआधी एखाद्या विद्यार्थ्याला बोलावून खांबांची, हस्तांची, महिरपींची मापं आणि चित्रं काढून ठेवा. आणि एक खांब, तळखड्यासकट, विकू नका.