भाड्याचं घर आणि 'मुसाफिर'

हृषीकेश मुखर्जी म्हटलं की सगळ्यांना 'आनंद' आठवतो, 'चुपके चुपके' आठवतो. मला मात्र त्यांचा अगदी पहिला चित्रपट जवळचा वाटतो... 'मुसाफिर'. १९५७ चा, कृष्णधवल, आणि फारसा न चाललेला.

एकच भाड्याचं घर आणि तिथे एकामागून एक येणारी तीन बिऱ्हाडं. लग्न, जन्म आणि मृत्यू. सुचित्रा सेन, किशोरकुमार, आपल्या उषा किरण, दिलीपकुमार! सलील चौधरींच्या संगीतात दिलीपकुमार चक्क लताबाईंबरोबर गायलेसुद्धा आहेत.

तरुणपणी मला हा सिनेमा तुकड्यातुकड्यांचा वाटला होता. मग आम्ही चाळीतल्या दोन खोल्या सोडल्या. तिथेच मी नवी नवरी म्हणून आले, तिथेच लेकीचा पाळणा हलला, तिथेच सासूबाई गेल्या. किल्ली द्यायला गेले, तर नव्या बिऱ्हाडातली मुलगी खिडकीला पडद्याचं माप घेत होती. मला रागच आला. माझी खिडकी ती!

त्या रात्री पुन्हा 'मुसाफिर' पाहिला. घर कुणाचंच नसतं, हे हृषीदांनी पहिल्याच चित्रपटात सांगून ठेवलं होतं की!

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला माझा पडद्याचा दांडा नेऊन दिला. त्याच मापाचा होता ना...