कोलिसीची गोष्ट मी आता तशी सांगत नाही

सिया कोलिसीची गोष्ट मी बरीच वर्षं एकाच सुरात सांगत आलो. तेव्हाच्या पोर्ट एलिझाबेथ शहरातली झ्वीडे ही काळ्या लोकांची गरीब वस्ती. तिथे 16 जून 1991 ला जन्म. आजीने वाढवलं. खेळणं म्हणजे एक वीट, तीच मोटार समजून फिरवायची. निवड चाचणीला गेला तो साध्या आतल्या चड्डीवर, कारण खेळाचे कपडेच नव्हते. आणि हाच पोरगा 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला, 2019 आणि 2023 असे लागोपाठ दोन विश्वचषक घेऊन आला. न्यूझीलंडच्या रिची मकॉनंतर हे जमलेला तो दुसराच कर्णधार. शेवटी माझं पालुपद ठरलेलं: अंगात पाणी असलं की माणूस वर येतोच, त्याला कोटाबिटा लागत नाही.

2019 च्या सुरुवातीला तर कोलिसीनेच मला दुजोरा दिला, असं मला वाटलं. मंडेलांना संघनिवडीतला कृष्णवर्णीय खेळाडूंचा कोटा पटला नसता, असं तो एका जपानी वृत्तसंस्थेला म्हणाला. मायदेशात टीकेची झोड उठली. मी इकडे खूश. पण त्याचं बोलणं तिथे संपलं नव्हतं, आणि पुढचं मी सोयीस्करपणे बाजूला ठेवलं होतं. बदलाची सुरुवात वस्त्यांमधून करा, असं तो सांगत होता. आपण चांगल्या शाळेत गेलो नसतो तर नीट जेवलो नसतो आणि अंगानेही नीट वाढलो नसतो, हेही त्यानेच सांगितलं.

आता हे जरा डोळ्यांपुढे आणा. कोलिसी खेळतो ती फ्लँकरची जागा. ऐंशी मिनिटं धडका द्यायच्या, धडका घ्यायच्या. अर्धपोटी पोराचं ते काम नव्हे. बाराव्या वर्षी त्याला त्याच शहरातल्या नामांकित ग्रे शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. मैदान, प्रशिक्षक आणि मुख्य म्हणजे वेळेवर पोटभर जेवण. झ्वीडेतल्या बाकीच्या मुलांच्या वाट्याला ते आलं नाही. तरी झ्वीडे ज्यात येते त्या ईस्टर्न केप प्रांतातले काळे लोक शंभराहून अधिक वर्षं रग्बी खेळत आलेत! दक्षिण आफ्रिकेची पहिली कसोटी 1891 ची, पहिला कृष्णवर्णीय कर्णधार 2018 चा. म्हणजे 127 वर्षं त्यांच्यातल्या कुणाच्याच अंगात पाणी नव्हतं की काय?

माझं मत पुरतं फिरलं ते मात्र कोलिसीच्याच संघातल्या मकाझोले मपिंपीमुळे. हाही ईस्टर्न केपचाच, एका खेड्यातला, कोलिसीपेक्षा जवळपास वर्षाने मोठा. आई, भाऊ, बहीण सगळी गेली. शाळेला मैलोन्‌मैल चालत जायचा. कुठल्या बड्या शाळेची नजर त्याच्यावर पडली नाही. गावाकडच्या क्लबांतून एकेक पायरी चढत तो आला. कोलिसीची पहिली कसोटी 2013 ची, बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. मपिंपीची पहिली कसोटी 2018 ची, सत्ताविसाव्या वर्षी. जिद्दीत दोघांत डावंउजवं कोण करणार? रग्बीत ही पाच-सहा वर्षं म्हणजे निम्मी कारकीर्द. आणि मपिंपी निदान पोचला तरी. जे पोचले नाहीत त्यांची गोष्ट सांगायला आपल्याकडे नावंही नाहीत.

कोट्याने हे सगळं सुटतं, असं मला आजही वाटत नाही. राष्ट्रीय संघात आकडे जुळवून खेड्यातल्या मुलाच्या ताटात काही पडत नाही. पण ‘गुणवत्ता आपली वाट काढतेच’ हे वाक्य मी टाकून दिलं आहे, आणि कोलिसीच्या नावावर ते खपवणं तर अजिबात नको.

2 नोव्हेंबर 2019 ला योकोहामात इंग्लंडविरुद्ध विश्वचषकाचा अंतिम सामना. डाव्या बाजूने मपिंपीने चेंडू पुढे मारला, त्याच प्रांतातल्या लुखान्यो आमने तो उचलून न बघता परत त्याच्याकडे दिला, आणि मपिंपी रेषेपार गेला. 1995 आणि 2007 चे अंतिम सामने दक्षिण आफ्रिकेने निव्वळ किकच्या गुणांवर जिंकले होते. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला त्यांचा पहिला ट्राय हा मपिंपीचा.